जकार्ता आवडायचं असेल तर: चार-पाच दिवसांचा बेत कसा आखावा

बालीला किंवा बोरोबुदुरला निघालेली ओळखीची मंडळी मला हमखास फोन करतात. प्रश्न ठरलेला. "वाटेत जकार्ता आहे, एक दिवस थांबू का?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. एकच दिवस असेल तर थांबू नका, विमानतळावरूनच पुढे जा. चार दिवस काढता येत असतील तर मात्र नक्की थांबा.

एका दिवसात या शहराची फक्त वाईट बाजू दिसते. मी कामासाठी पहिल्यांदा तिथे उतरले तेव्हा संध्याकाळ झाली होती. टॅक्सी केली आणि हॉटेल गाठायला पावणेतीन तास लागले. पुढचे दोन दिवस मी हातात यादी धरून या टोकाचं स्मारक, त्या टोकाचं संग्रहालय, मग तिसरीकडचा बाजार अशी धावत राहिले. जागा बघितल्या त्यापेक्षा गाडीच्या काचेतून पुढच्या गाड्यांचे लाल दिवे जास्त बघितले. नंतर त्याच शहरात दोन वर्षं राहिले. आज तिथून फोन आला आणि मागे रस्त्यावरच्या फेरीवाल्याचा आवाज कानावर पडला, तरी मला उठून जावंसं वाटतं. या दोन वर्षांत कळलं ते पुढच्या माणसाला पहिल्याच फेरीत मिळावं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

चूक होते ती मध्य शोधण्यात. जकार्ता शहराची लोकसंख्या एक कोटीच्या वर आहे. त्याला लागून बोगोर, देपोक, तांगरांग आणि बकासी ही शहरं आहेत. सगळी मिळून लोक त्याला 'जाबोदेताबेक' म्हणतात आणि तिथे तीन कोटींहून जास्त माणसं राहतात. एवढ्या पसाऱ्याला एक मध्य नाही. म्हणून पहिला नियम असा: एका दिवशी शहराचा एकच तुकडा घ्यायचा, आणि दिवसभर त्याच तुकड्यात राहायचं. दुपारी 'जरा दक्षिणेला जाऊन येऊ' असं मनात आलं तरी जायचं नाही. सगळ्या बेताचा पाया हाच आहे. बाकीच्या गोष्टीत थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल.

निघण्याआधी, घरी बसून

अर्धा तास काढून नकाशावरची नावं वाचा. इंडोनेशियन भाषेत रोमन 'सी'चा उच्चार नेहमी 'च' होतो. एवढं लक्षात ठेवलं की नावं तोंडात बसतात: चिकिनी, चिदेंग, चिपिनांग, चिलांदाक. आता ही सगळी 'चि'ने का सुरू होतात ते बघा. पश्चिम जावातल्या सुंदानी भाषेत 'चि' म्हणजे पाणी, ओढा, नदी. 'रावा' म्हणजे दलदल, 'मुआरा' म्हणजे नदीचं मुख, 'पुलो' म्हणजे बेट. शहरातून तेरा नद्या वाहतात, त्यांत चिलिवुंग मोठी. वरच्या काँक्रीटने हे झाकलं असलं तरी नावांनी काहीच लपवलेलं नाही. जकार्ता हे पाण्यावर वसलेलं गाव आहे आणि आजही त्याचा सगळा झगडा पाण्याशीच चालू आहे.

दुसरी नावं बागांची. 'कबोन' म्हणजे बाग. कबोन जरुक ही संत्र्या-लिंबांची बाग, कबोन सिरिह ही विड्याच्या पानांची. तिच्या शेजारीच गंबीर. गंबीर म्हणजे विड्यात घालतात तो काथासारखा पदार्थ. आज तिथे कचेऱ्या आणि मोठं रेल्वे स्टेशन आहे, पण नकाशावर पान आणि काथ अजून शेजारी शेजारी बसले आहेत. मला हे कळलं त्या दिवसापासून त्या रस्त्यावरून जाताना कंटाळा आला नाही.

भाषेचं दडपण घेऊ नका. नामा, भासा, गुरू, मानुसिया, सिंगा, गाजाह, सुआमी, इस्त्री हे शब्द तुम्हाला आधीच येतात. 'वार्ना' म्हणजे रंग, 'हार्गा' म्हणजे किंमत, 'दोसा' म्हणजे पाप. खाण्याच्या गाड्यावर दोसा मागायला जाऊ नका. तरुण मुलाला 'मास', मुलीला 'म्बाक', वडीलधाऱ्यांना 'पाक' आणि 'बू', रिक्षावाल्याला 'बांग' म्हणायचं. आपण दादा, ताई, काका म्हणतो तसंच. नुसती किंमत विचारली तर उत्तर मिळतं, 'बांग, बरापा?' म्हटलं की हसून मिळतं.

उतरायचं कुठे, राहायचं कुठे

विमान शक्यतो सकाळी पोचेल असं बघा. बाहेर पडल्यावर टॅक्सीच्या रांगेकडे न जाता विमानतळाची ट्रेन धरा आणि सुदिरमान भागातल्या बीएनआय सिटी स्टेशनवर किंवा मांगाराईला उतरा. रस्त्यावर किती वेळ लागेल ते कुणीच सांगू शकत नाही, रुळांवर सांगता येतं.

राहण्यासाठी माझं मत चिकिनीला. जुनी झाडं, चालायला बरे रस्ते, पहाटेपासून खाण्याच्या गाड्या, आणि लोकल ट्रेनचं स्टेशन. इथून उत्तरेला जुन्या शहरात आणि दक्षिणेला थेट बोगोरपर्यंत गाडी न बदलता जाता येतं. नव्या पद्धतीची कॅफे-हॉटेलं आवडत असतील तर दक्षिणेतलं ब्लोक एम बघा, तिथे मेट्रो आहे. विमानतळाजवळचं स्वस्त हॉटेल घेऊ नका. वाचलेले पैसे प्रवासात जातील, आणि दिवसही जाईल.

फिरायचं कशाने

आल्या आल्या कोपऱ्यावरच्या इंदोमारेत किंवा आल्फामार्त या दुकानातून प्रवासाचं कार्ड घ्या आणि त्यात पैसे भरा. मेट्रो, लोकल, बस सगळीकडे ते चालतं. रुपियातल्या किमती बघून घाबरू नका. शेवटची तीन शून्यं झाकली आणि उरलेल्या आकड्याला पाचाने गुणलं की साधारण आपले रुपये येतात.

लोकलला तिथे 'कारेल' म्हणतात. मुंबईच्या माणसाला ती लगेच कळते. डबे बहुतेक जपानमधून आलेले जुने, पण थंडगार आणि स्वच्छ. पहिला आणि शेवटचा डबा बायकांचा. मांगाराई म्हणजे तिथलं दादर, गर्दीच्या वेळी तिथे गाडी बदलायची पाळी येऊ देऊ नका. आणखी एक फसवी जागा सांगून ठेवते. गंबीर स्टेशन नकाशावर मोनास स्मारकाला अगदी चिकटून दिसतं, पण लोकल तिथे थांबतच नाही, ते लांब पल्ल्याच्या गाड्यांचं आहे. मोनास आणि आसपाससाठी गोंदांगदियाला उतरा, इस्तिकलाल मशीद आणि पासार बारू या बाजारासाठी जुआंदाला.

मेट्रो २०१९मध्ये सुरू झाली, लेबाक बुलुस ते बुंदारान हाआई. ट्रान्सजकार्ता बस २००४पासून धावते, रस्त्याच्या मधोमध स्वतःच्या राखीव पट्ट्यातून. तिकीट कित्येक वर्षं ३,५०० रुपिया. एका संध्याकाळी मुद्दाम १३ नंबरच्या मार्गाने जा. तो मार्ग खांबांवरून जातो. बस घरांच्या छपरांवरून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आणि कबुतरांच्या खुराड्यांच्या पातळीवरून जाते. खालच्या रस्त्यावर बसून शहराचा राग येतो, वरून त्याच्या पसाऱ्याची माया वाटायला लागते.

आणि बजाज. जकार्तात तीनचाकी रिक्षेचं नावच 'बजाज' आहे, उच्चार 'बजाय'च्या जवळचा. पुण्याच्या कंपनीच्या रिक्षा १९७०च्या दशकात तिथे पोचल्या आणि कंपनीचं नाव वाहनाला चिकटलं, ते शब्दकोशातही गेलं. पूर्वी त्या नारिंगी असत, आता निळ्या, गॅसवर चालणाऱ्या. दोन-तीन किलोमीटरच्या अंतरासाठी त्यात बसायचं, भाडं आधी ठरवून. त्याहून घाई असेल तर ॲपवरून 'ओजेक' म्हणजे दुचाकी बोलवा, गाड्यांच्या फटींतून ती बरोबर नेते. मात्र पावसात ओजेक नको.

पहिला तुकडा: मोनासच्या भोवती

मोनास म्हणजे १३२ मीटर उंच स्तंभ आणि वर सोन्याचा मुलामा दिलेली ज्योत. वर जाण्याची रांग मोठी असते. मी तरी तुम्हाला ती सोडून राष्ट्रीय ग्रंथालयाच्या २४व्या मजल्यावर पाठवीन. पैसे लागत नाहीत, मोनास समोर दिसतो आणि आजूबाजूला मुलं अभ्यास करत असतात.

पण दिवसाची सुरुवात राष्ट्रीय संग्रहालयापासून करा. सोमवार टाळा, बंद असतं. दारात कांस्याचा छोटा हत्ती आहे, सयामच्या राजाने १८७१मध्ये भेट दिलेला. त्यामुळे लोक या इमारतीला हत्तीचं घर म्हणतात. आत 'प्रासास्ती तुगु' विचारा, म्हणजे तुगूचा शिलालेख. अंड्यासारखा गोल, मोठा दगड, त्यावर पाच ओळी. लिपी पल्लव, भाषा संस्कृत, काळ पाचवं शतक. सापडला तो आजच्या उत्तर जकार्तातल्या तुगु भागात.

तारुमानगर या इथल्या जुन्या राज्याचा राजा पूर्णवर्मा त्यात सांगतो, की पूर्वी चंद्रभागा नावाचा कालवा खणला गेला, आणि आता आपण आपल्या कारकिर्दीच्या २२व्या वर्षी गोमती खणवली. लांबी ६,१२२ धनुष्यं. काम फाल्गुन वद्य अष्टमीला सुरू झालं आणि चैत्र शुद्ध त्रयोदशीला संपलं, २१ दिवसांत. शेवटी ब्राह्मणांना १,००० गायी दान दिल्या. मी त्या दगडासमोर बोटांवर तिथी मोजल्या होत्या. आपल्यासारखा अमावास्येला महिना संपणारा हिशेब धरला तरच ते २१ दिवस बरोबर जुळतात. पंढरपूरची चंद्रभागा ऐकत वाढलेल्या माणसाने, त्याच नावाचा कालवा दीड हजार वर्षांपूर्वी या दलदलीत खणला गेला, हे वाचावं आणि मग बाहेर येऊन चिलिवुंगचं मातकट पाणी बघावं. हे शहर त्यानंतर मला परकं वाटलं नाही.

बाहेर पडून मोनासच्या मैदानाच्या नैऋत्य कोपऱ्याशी या. भर चौकात कृष्ण आणि अर्जुनाचा रथ उधळलेल्या घोड्यांसह उभा आहे, न्योमान नुआर्ता या शिल्पकाराने १९८७मध्ये केलेला. दुपारनंतर इस्तिकलाल मशिदीत जा. बाहेरच्यांना प्रवेश आहे, अंगभर कपडे हवेत, चपला बाहेर ठेवायच्या. १९७८मध्ये खुल्या झालेल्या या मशिदीचे वास्तुरचनाकार फ्रेडरिक सिलाबान ख्रिस्ती होते. घुमटाचा व्यास ४५ मीटर, १९४५च्या स्वातंत्र्यघोषणेची खूण. आत स्टीलचे बारा खांब आहेत आणि कमालीचा गारवा. रस्त्यापलीकडे १९०१चं कॅथेड्रल आहे, दोन्हींना जोडणारी भुयारी वाटही आता बांधली आहे. जवळच्या पासार बारूमध्ये कापडाची दुकानं आहेत, त्यांत कित्येक भारतीयांची. तिथे हिंदी सहज चालून जातं.

दुसरा तुकडा: उत्तर

या दिवशी सातच्या आधी घर सोडा. चिकिनीहून लोकल पकडून शेवटच्या जकार्ता कोता स्टेशनला उतरा आणि आधी थेट सुंदा कलापा बंदरावर जा, बजाजने. 'कलापा' म्हणजे नारळ. २२ जून १५२७ रोजी फतहिल्लाह या सेनापतीने हे बंदर जिंकून त्याला जयकर्ता नाव दिलं, तोच शहराचा वाढदिवस. १६१९मध्ये डचांनी ते जाळून तिथे बटाव्हिया उभारलं. बंदरात आजही लाकडी पिनिसी जहाजं ओळीने नाकं वर करून उभी असतात. अरुंद फळीवरून सिमेंटची पोती खांद्यावर घेऊन माणसं चढतात, फळी पावलागणिक खाली-वर होते. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. कुणी डेकवर बोलावलं तर जा, थोडे पैसे देण्याची रीत आहे.

नऊनंतर फतहिल्लाह चौकात या. तिथल्या १७१०च्या डच नगरभवनात आता शहराचा इतिहास मांडलाय. जावाच्या युद्धाचा नायक दिपोनगोरो याला १८३०मध्ये हद्दपार करण्याआधी इथेच ठेवलं होतं. इमारतीच्या तळातल्या बुटक्या कोठड्या बघा, आत वाकूनच शिरावं लागतं. चौकात रंगीत सायकली आणि टोप्या भाड्याने मिळतात. लहान मुलं बरोबर असतील तर तास मजेत जातो.

तिथून ग्लोदोक, चिनी वस्ती, चालत वीस मिनिटांवर. १७४०मध्ये बटाव्हियात चिनी लोकांची मोठी कत्तल झाली, आणि वाचलेल्यांना तटबंदीबाहेर या भागात वसवलं गेलं. एका जुन्या चहागृहाच्या दाराशी येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी चहाच्या आठ किटल्या ठेवलेल्या असतात, फुकट. तहान लागलेल्याने ओतून घ्यावा आणि पुढे जावं. गल्लीत आत शिरून ताक की नावाच्या दुकानात थंड कॉफी प्या, ते १९२७पासून चालू आहे. दुपारी लवकर बंद होतं, म्हणून मी सकाळी बाहेर पडायला सांगते.

याच पट्ट्यात शहराचं दुखणं दिसतं. नळाचं पाणी सगळ्यांना पुरत नाही, म्हणून जमिनीखालचं उपसलं जातं, आणि चिखलाची जमीन दबत जाते. मुआरा बारूला समुद्राला अडवणारी भिंत आहे, आणि तिच्या पलीकडे वाल अधुना नावाची सोडून दिलेली मशीद अर्धी पाण्यात उभी आहे. राजधानी बोर्निओ बेटावर हलवण्याचा निर्णय २०१९मध्ये जाहीर झाला, त्याच्या कारणांमध्ये हेही एक. मुआरा बारूला जायचं असेल तर शांतपणे जा, भिंतीवरून बघा आणि परत या. 'गरिबांची वस्ती दाखवतो' म्हणणाऱ्या सहली मात्र घेऊ नका. लोकांच्या दारातून तिकीट काढून फिरणं मला कधीच पटलं नाही.

रोजची दुपार

बारा ते तीन बाहेर हिंडू नका. ऊन आणि दमटपणा माणसाला चिडखोर करतो, आणि तो राग शहरावर निघतो. मॉलमध्ये जा किंवा खोलीवर झोपा.

संध्याकाळची गल्ली

कुणी मला एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. साडेपाच-सहाला, ऊन उतरलं की, राहत्या जागेजवळच्या एखाद्या 'गांग'मध्ये शिरा. गांग म्हणजे दोन माणसं शेजारून जातील एवढी गल्ली. मोठ्या रस्त्याचा आवाज वीस पावलांत मागे पडतो. कुंड्या, पिंजऱ्यातले पक्षी, दारात बसून शेंगा सोलणाऱ्या बायका. कुणाच्या समोरून जाताना किंचित वाकून 'पर्मिसी' म्हणायचं. समोरून 'मारी' येतं, म्हणजे या, जा, चालू द्या.

अंधार पडता पडता एक बारीक, न थांबणारी शिट्टी ऐकू येईल. तो पुतूवाला. त्याच्या पत्र्याच्या डब्यात पाणी उकळत असतं, आणि झाकणाच्या भोकातून वाफ सुटताना ती शिट्टी वाजते. बांबूच्या नळीत तो तांदळाचं हिरवट पीठ भरतो (रंग आणि वास पांदान या पानाचा), मध्ये ताडगुळाचा खडा, वर पुन्हा पीठ. नळी भोकावर उभी करतो. थोड्या वेळाने काडीने ढकलून वाफाळती नळकांडी केळीच्या पानावर काढतो आणि वर ओलं खोबरं भुरभुरतो. तांदूळ, गूळ, नारळ, म्हणजे उकडीच्या मोदकाचंच सामान. आत गूळ पातळ झालेला असतो, पहिला घास सांभाळून घ्या, जीभ भाजते. मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा तिथेच उभी राहून आईला फोन लावला होता.

जेवणाखाण्याचं

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण विचारावं लागतं. केतोप्राक मागा: टोफू, भाताच्या वड्या, शेवया, मोड आलेले मूग आणि दाण्याचा लसणी रस्सा. गादो-गादोत उकडलेल्या भाज्या असतात, त्याच्या रश्शात कधी 'तरासी' म्हणजे कोळंबीचा खर्डा असतो आणि वर अंडं येतं. 'तान्पा तरासी, तान्पा तलुर' म्हटलं की दोन्ही वगळतात. वरची कुरडईसारखी क्रुपुक बहुधा मासळीची असते. तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, रोज खा, तळलेला, गरम. मांसाहाऱ्यांसाठी शब्द: आयाम कोंबडी, इकान मासा, उदांग कोळंबी, सापी गोमांस, बाबी डुकराचं मांस. सोतो बतावी हा तिथला खास रस्सा गोमांसाचा असतो. स्वस्त आणि घरगुती जेवायला 'वार्तेग', म्हणजे आपली खानावळ. काचेमागे भांडी मांडलेली असतात, बोट दाखवायचं आणि बाकावर बसायचं.

रविवार आणि तारखा

चार दिवसांत एक रविवार येईल असं बघा. सकाळी सहा ते दहा सुदिरमान आणि थाम्रिन हे शहरातले सगळ्यात रुंद रस्ते गाड्यांना बंद असतात. आजी-आजोबांच्या कवायती, सायकली, बँडवाली मुलं, पोतडी घेऊन बसलेले विक्रेते. ज्या रस्त्यावर पहिल्या दिवशी अडकलात तिथेच मधोमध चालून बघा. सोमवारी संग्रहालयं बंद, त्या दिवशी लोकलने बोगोर गाठा, १८१७च्या वनस्पतिउद्यानासाठी. छत्री न्या, बोगोरला दुपारी पाऊस ठरलेला.

जानेवारी-फेब्रुवारीत पुराचं भय असतं. कोरड्या महिन्यांत, विशेषतः जून ते सप्टेंबर, हवा धुरकट असते, दमा असणाऱ्यांनी मुखपट्टी ठेवावी. मला एप्रिल-मे बरे वाटले. ईदच्या, तिथल्या भाषेत लेबारानच्या तारखा मात्र आधी तपासा. गणपतीला मुंबईचा चाकरमानी कोकणात जातो तसं अर्धं जकार्ता त्या आठवड्यात गावाला जातं, त्याला 'मुदिक' म्हणतात. रस्ते इतके मोकळे होतात की शहर ओळखू येत नाही, आणि फोटोंसाठी तो काळ उत्तम. पण वार्तेग बंद, बाजार अर्धे बंद, आणि पुतूवालाही गावी गेलेला असतो. तो आठवड्याभराने परततो. पुतू खायचे असतील तर विमानाचं तिकीट त्यानंतरचं काढा.